धुळ्यावरून जाणारे आवाज

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. लग्नघराच्या दारात चपला साठतात तसे ते साठत जातात आणि शेवटी कुठली कुणाची ते सांगता येत नाही. आम्ही तिघे जुने वायरलेसवाले रविवारी सकाळी जळगावात माझ्या ओट्यावर जमतो. एकाला ऐकू कमी येतं, एकाला आठवतं कमी आणि मी बोलतो जास्त. तेव्हा पुढचं सगळं अक्षरन् अक्षर असंच घडलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. घडलं मात्र नक्की.

पन्नास सालानंतरची गोष्ट. धुळ्याबाहेर, आग्रा रोडला लागून, सरकारी वायरलेसची एक खोली होती. शेजारी मास्ट म्हणजे तारांचा उंच खांब, मागे बाभळी, पुढे रस्ता. मुंबईहून इंदूरला जाणारी डाकोटा विमानं आमच्या डोक्यावरून जात. पूर्वी विमानातला रेडिओ ऑफिसर तारयंत्रासारखं कडकट्ट करून निरोप द्यायचा. मग बोलायचे सेट आले आणि पायलट स्वतःच बोलू लागले. "धुळिया रेडिओ" अशी हाक यायची. आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत, पुढच्या ठिकाणी कधी पोचू, एवढं सांगायचं. आम्ही "रॉजर", म्हणजे ऐकलं, समजलं, एवढंच म्हणायचं. झालं. वर्षानुवर्षांची ओळख आणि ती एवढ्यावरच!

बोलण्याची रीत ठरलेली होती. आधी ऐका, मग बोला. दुसऱ्याचं चालू असेल तर थांबा. थोडक्यात आटपा. नाव सांगू नका, घरचं काढू नका, इंग्रजी सोडू नका. माणसं जमिनीवर या रीतीनं वागली तर निम्मी भांडणं मिटतील असं मला अजून वाटतं. पण या रीतीत जीव फार टांगणीला लागायचा हो. एखादा आवाज यायचा, हळूहळू ओळखीचा व्हायचा आणि रोज इंदूरच्या अंगाला विरून जायचा. चेहरा नाही, नाव नाही. मी बाहेर येऊन दूर जाणाऱ्या विमानाच्या ठिपक्याकडे बघत उभा राहायचो. आजही वर घरघर ऐकू आली की हातातला घास थांबतो. बायको म्हणते, "जेवा आता. ते तुम्हाला हाक मारत नाहीयेत."

* * *

बायकोवरून आठवलं.

आमचे इन्चार्ज पिल्लेसाहेब केरळातले. मराठी धुळ्यात येऊन शिकले आणि तेही नियमाप्रमाणे शिकले. वायरलेसवर मिळालेला निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही, हा त्यांचा सगळ्यात लाडका नियम. तो त्यांच्या अंगात इतका भिनला होता की चहावाला "साखर संपली" म्हणाला तरी साहेब गंभीरपणे "साखर संपली" म्हणायचे.

माझे वडील नव्हते. मुलगी बघायला जळगावला जायचं ठरलं तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी साहेबांना घेऊन गेलो. पोहे झाले. मुलीचे वडील घसा साफ करून म्हणाले, "मुलगी फायनल पास आहे."

साहेब त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "मुलगी फायनल पास आहे."

मुलीचे वडील जरा चुळबुळले. "म्हणजे, परीक्षेला बसली होती."

"परीक्षेला बसली होती," साहेब म्हणाले.

आतून बांगड्या वाजल्या. वडिलांनी उपरण्यानं कपाळ पुसलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "गणितात राहिली."

"रॉजर," साहेब म्हणाले.

सासरे पुढे कैक वर्षं मला विचारत, की तुमचे ते साहेब पोलिसात होते का. आमच्या घरचा सगळा हिशोब मात्र आजतागायत तीच बघते.

* * *

आवाजांमध्ये सगळ्यात गोड आवाज कॅप्टन मिस्त्रींचा. पारशी गृहस्थ. अदब अशी की हवेतसुद्धा दारावर टकटक करून येताहेत असं वाटावं. नवे पायलट एकमेकांच्या बोलण्यात घुसायचे. दोघांनी एकदम बटण दाबलं की आम्हाला नुसती शिट्टी ऐकू यायची. एकदा दोन तरुण असे तीनतीनदा एकमेकांवर चढले. मिस्त्री शांतपणे वाट बघत होते. जरा फट सापडल्यावर ते इंग्रजीत म्हणाले, "तुमचं होऊ द्या, जंटलमेन. मी काय, फक्त इंदूरलाच चाललोय."

ते दोघेही इतके ओशाळले की नंतर बराच वेळ दोघांपैकी कुणीच बोलेना. शेवटी मलाच एकेकाला हाक मारून बोलतं करावं लागलं.

* * *

बोलायचं बटण दाबलं की आपला आवाज जातो आणि सोडलं की दुसऱ्याचा येतो. हे बटण कधीकधी अडकायचं. मग विमानात जे काही बोललं जाईल ते मुंबईपासून इंदूरपर्यंत सगळ्यांना ऐकू जाणार, आणि ज्याचं अडकलंय त्याला कुणी सांगू शकणार नाही, कारण त्याला आपला आवाजच जात नाही.

कॅप्टन घोष म्हणून एक भारदस्त माणूस होता. आवाज असा की वाटावं मिशा असणार. एका सकाळी त्यांचं बटण अडकलं. ते शेजारच्या पायलटला सांगत होते, की धाकटी मुलगी तीन वर्षांची झाली. रविवारी कधी घरी नसतो. परवा अचानक सुट्टी मिळाली म्हणून गेलो, तर दार उघडून ती आत ओरडली, आई, कुणीतरी काका आलेत.

पुढे नुसती इंजिनाची घरघर येत राहिली. पिल्लेसाहेबांनी सेटचा आवाज कमी करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

बटण सुटलं. आता गंमत अशी, की असं काही झालं तर नंतर कुणी चकार शब्द काढायचा नाही अशी पायलट लोकांची रीत. ऐकलंच नाही असं वागायचं. त्याप्रमाणे सगळे वागले. आपापल्या जागा सांगून एकेक जण निघून गेला.

दोनेक महिन्यांनी घोष एकदा आमच्यावरून जाताना रीत मोडून दोन वाक्यं जास्त बोलले. म्हणाले, "धुळिया, हल्ली सगळ्यांना रविवारी विमान चालवायची भारी हौस आलीये. माझी पाळी आली की कुणी ना कुणी मागून घेतो. काय झालंय या लोकांना?"

मी म्हणालो, "रॉजर." दुसरं काय म्हणणार?

* * *

पिल्लेसाहेबांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. एकदाच पाहिलं.

वैशाखातली दुपार होती. धुळीचं वादळ उठलं, आभाळ तांबडं झालं आणि सेटवर नुसती खरखर. त्यात मिस्त्री यायचे होते. त्यांची वेळ झाली, टळली, हाक येईना. साहेबांनी मला उठवलं आणि स्वतः खुर्चीवर बसले. ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या अंतरानं, एकसारख्या आवाजात ते हाका मारत राहिले. कपाळावर घाम, पण आवाज असा की जणू बाजाराची यादी वाचताहेत.

मग इंदूरहून परतणाऱ्या एका विमानातून कुणीतरी बोललं. कोण ते आजही माहीत नाही. म्हणाला, "धुळिया, तुमचं त्यांना पोचत नाहीये. मला दोघांचंही येतंय. मी सांगतो." हीही एक रीतच होती. ज्याला ऐकू येतं त्यानं न सांगता मधला हमाल व्हायचं. मिस्त्री वादळाला वळसा घालून सुखरूप होते. त्यांची जागा, उंची, वेळ, सगळं त्या अनोळखी माणसानं आम्हाला पोचवलं.

साहेब म्हणाले, "रॉजर, थँक यू." बटण सोडलं. बटण सुटलंय ना हे दोनदा तपासलं. आणि मग मल्याळममध्ये पाच-सात मिनिटं एकटेच काहीतरी बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. मी त्यांच्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

* * *

मिस्त्री रिटायर झाले त्या दिवशी हवा स्वच्छ होती. त्यांनी जागा सांगितली, उंची सांगितली. नंतर म्हणाले, "धुळिया, माझी ही शेवटची फेरी. एक विनंती आहे. तुमचं नाव काय?"

इतकी वर्षं रोज बोलणारा माणूस आणि त्याला माझं नाव माहीत नाही. मी साहेबांकडे बघितलं. नाव सांगायला सक्त बंदी. साहेब उठले, मास्टच्या तारा तपासायला हव्यात म्हणाले आणि बाहेर गेले. मास्टच्या तारा सकाळीच तपासल्या होत्या.

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. बायको, दोन मुलं आहेत, मी काडीसारखा बारीक आहे, हेही सांगून टाकलं. एकदा बांध फुटला की फुटला.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "थँक यू. इतकी वर्षं मी तुम्हाला जाडा समजत होतो."

त्यांना मी कधी पाहिलं नाही. पुढे एकदा मुंबईला गेलो होतो, तेव्हा ट्रॅमच्या थांब्यावर एक म्हातारे पारशी गृहस्थ बाईमाणसाला वाट देताना "तुमचं होऊ द्या" म्हणाले. मी जवळ जाऊन ऐकलं. ते नव्हते. तरी मी दोन ट्रॅम सोडल्या.

* * *

आता कॅप्टन बोरसे.

नव्या माणसानं पहिल्यांदा हाक मारली तेव्हाच मी कान टवकारले. बाकी पायलट सोनगीरच्या किल्ल्याला नुसतं "फोर्ट" म्हणायचे. यानं "सोनगीर" म्हटलं आणि असं म्हटलं की किल्ल्याखाली बसून भाकर खाल्लेल्यालाच ते जमावं. हा आपला माणूस! पण तो वर आणि मी खाली, आणि मध्ये इंग्रजी. दोन खान्देशी माणसं एक दिवसाआड गोऱ्या साहेबासारखं बोलायची आणि निघून जायची. मला फार वाटायचं की एकदा तरी त्याला आपल्या अहिराणीत "कसा शेस भाऊ?" म्हणावं. म्हणालो नाही कधी.

बोरसेंच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे सोनगीर मागे पडलं की ते हवेत धक्के बसताहेत असं कळवून विमान बरंच खाली आणायचे. त्याच वाटेवर पुढेमागे असणारे दुसरे पायलट हवा लोण्यासारखी आहे म्हणायचे. दुसरी सवय पावसाची. पुढची हवा कशी आहे ते विचारायचा पायलटला हक्कच असतो. पण हे विचारायचे, शिरपूरकडे काल पाऊस झाला का, किती झाला. आभाळातल्या माणसाला कालचा, जमिनीवर पडून गेलेला पाऊस कशाला हवा?

ते मला हिरामणनं सांगितलं. हिरामण शिरपूरच्या एस.टी.चा ड्रायव्हर. गाडीत पाणी भरायला आमच्या खोलीपाशी थांबायचा. तो म्हणाला, "अरे भाऊ, तो आबा बोरसेना आंडोर शे. तापीकाठनं गाव त्यास्नं." आंडोर म्हणजे मुलगा. आई लहानपणीच गेलेली. आबांनी एकट्यानं पोराला वाढवलं आणि शेती त्यानंच बघायची असं धरून चालले. पोरगा मुंबईला गेला आणि विमान शिकला. तो पहिल्यांदा गणवेश घालून गावी आला तेव्हा आबा अंगणात उभे राहून म्हणाले, "जमीन सोडी गया ना? मंग आते जमिनवर मना समोर येवानं नही." त्या दिवसापासून बापलेकात बोलणं नाही. पोरगा पत्र पाठवायचा, ते न फोडता परत जायचं.

मग मी हिरामणकडून रोज शिरपूरकडच्या पावसाची खबर घेऊ लागलो आणि बोरसेंना सांगू लागलो. एकदा मी सांगितलं, "शिरपूर, पाऊस चांगला. जमिनीत ओल एक हात खोल."

पिल्लेसाहेबांनी मला थांबवलं. "एक हात? हे माप कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?"

मी उत्तर द्यायच्या आत वरूनच उत्तर आलं. "रॉजर, धुळिया. एक हात पुरेशी आहे."

* * *

त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस लांबला. मृग कोरडा गेला. अशाच एका सकाळी एक उंच म्हातारा आमच्या दारात येऊन उभा राहिला. धोतर, बंडी, डोक्याला पांढरं पागोटं.

"आठेच पाऊस सांगतस ना?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, इथे पाऊस सांगणारे कुणी नाही, आम्ही विमानवाले. तो हलला नाही. गाव विचारलं, त्यानं सांगितलं. नाव विचारलं, तर म्हणाला, "बोरसे." मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. हिरामणनं गावात सगळं सांगितलेलं दिसत होतं.

परक्या माणसाला खोलीत यायची बंदी होती. साहेब तसं म्हणाले. आबा म्हणाले, "मी आत येत नही. मी आठेच बरा शे." आणि उंबऱ्याबाहेर फरशीवर टेकले. साहेबांनी काही न बोलता आपल्या गडव्यातलं पाणी त्यांना दिलं.

बोरसेंची वेळ जवळ येत होती. आबा मला पावसाबद्दल एक अक्षर विचारेनात. रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

हाक आली. "धुळिया रेडिओ."

आबांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि मांडीवर ठेवलं. नीट ऐकू यावं म्हणून असेल. वरून जागा, उंची, वेळ, सगळं इंग्रजीत चाललं होतं. आबांना त्यातलं काही कळत नव्हतं तरी ते एकही अक्षर सोडत नव्हते. शेवटी बोरसेंनी नेहमीचं विचारलं, शिरपूरकडे पाऊस?

मी वळून म्हणालो, "आबा, तुमच्याकडे पाऊस झाला का? वरून विचारताहेत."

आबा रस्त्याकडेच बघत म्हणाले, "पानी नही. बठ्ठा गाव ढगेसकडे दखी ऱ्हायना. कपाशी नही लायेल अजून. सांगा."

मी इंग्रजीत सांगितलं की पाऊस नाही, सगळं गाव ढगांकडे बघतंय, कपाशी लावलेली नाही. आणि एक वाक्य माझ्या पदरचं घातलं, की ही खबर त्या गावच्या एका शेतकऱ्याची आहे, आणि ते आत्ता इथे दारात बसलेत.

सेट नुसता गुणगुणत राहिला. मग "रॉजर" आलं, पण अर्धंच.

मी माईक आबांकडे सरकवला. साहेब बघत होते, पण अडवलं नाही. मला वाटलं, आता. आता बोलतील. आबांनी मान हलवली. "नको. मी बोलत नही त्यानासंगे."

मला अगदी रडू आलं. सात-आठ हजार फूट वर एक माणूस, उंबऱ्याबाहेर एक माणूस, मध्ये माझ्या हातात ते बटण, आणि विमान पुढे चाललेलं. थोड्या वेळात आवाज विरणार.

आबा उठायला लागले. अर्धे उठून थांबले. "एक इचारा फक्त," ते म्हणाले. "मी वावरमा उभा ऱ्हाई वर दखस. ते त्याले दिसस का?"

मी इंग्रजीत विचारलं, आबा शेतात उभे राहून वर बघतात ते तुम्हाला दिसतं का. जरा वेळ लागेल असं वाटलं होतं, पण उत्तर लगेच आलं. होय. पांढरं पागोटं. विहिरीजवळ. दर वेळी.

"काय बोलना?" आबांनी विचारलं.

साहेबांना इंग्रजी कळत होतं. निरोपातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्या माणसाला उभ्या जन्मात खपला नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हणालो, "आबा, इतक्या वरून माणूस दिसत नाही म्हणतात."

साहेबांनी खिडकीबाहेर नजर वळवली.

आबांनी पागोटं डोक्यावर नीट बसवलं. "मंग बरं शे," ते म्हणाले. "मंग रोज दखाले हरकत नही."